पहाटे पाच वाजता

आमच्या वहिनींना मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. मज्जातंतूंवरचे आवरण शरीराची प्रतिकारशक्तीच झिजवते. अंग तापले की त्यांना अंधुक दिसे, म्हणून कुणीतरी व्यायामच बंद करायला लावला. वर्षभरात पाय आणखी आखडले. खरे तर उष्णतेने येणारी ही अंधारी तात्पुरती असते. उथॉफ या जर्मन डॉक्टरांनी १८९० मध्येच ती नोंदवली होती.

आता रायपूरचे ऊन चढण्याआधी, पहाटे पाचला, मानेवर ओला पंचा टाकून वहिनी ओट्याला धरून दहा उठबशा काढतात. मग तात्यापाऱ्याच्या गल्लीत एक फेरी. डॉक्टरांचे औषध चालू आहेच.

दादाने मात्र बायोटिनच्या महागड्या गोळ्या आणल्या. मोठ्या मात्रेतल्या बायोटिनचा या आजारात उपयोग नाही, हे २०२० च्या मोठ्या चाचणीत दिसले. उलट त्याने थायरॉइडचा रिपोर्ट चुकतो. वहिनींचा चुकला आणि आठवडाभर घरात कुणाला जेवण गेले नाही! ड जीवनसत्त्व तेवढे रक्त तपासून डॉक्टर देतात.

गोळ्या बंद झाल्या तेव्हा दादा चिडला, "मग मी करू तरी काय?"

"उद्या पाचला उठा," वहिनी म्हणाल्या.

हल्ली फेरीला दोघे जातात. धापा दादाच टाकतो.