उजेड वजा करताना

रविवारी सकाळी चहा पिता पिता क्वेसारबद्दल वाचत बसलो होतो. क्वेसार म्हणजे दीर्घिकेच्या गाभ्यातलं अवाढव्य कृष्णविवर. त्यात पडणारा वायू तापून इतका झळाळतो की आख्खी दीर्घिका त्या उजेडात बुडून जाते. हेडलाइट मारत समोरून येणाऱ्या ट्रकचा नंबर वाचायचा, तसंच काहीसं!

हबल दुर्बिणीने ती दीर्घिका शोधायची पद्धत मात्र आपल्या ओळखीची. एखाद्या साध्या ताऱ्याची प्रतिमा घ्यायची, क्वेसारइतकी तेजस्वी करायची आणि वजा करायची. उरेल ती दीर्घिका. चक्क डिफ!

१९९४-९५ मध्ये जॉन बाकॉल यांच्या गटाने हे केलं, तर बऱ्याच क्वेसारांभोवती काही उरेचना. बिनघराचे क्वेसार? सगळा सिद्धांतच अडचणीत. मग इतरांनी तीच चित्रं पुन्हा तपासली आणि अंधूक दीर्घिका दिसू लागल्या. १९९७ मध्ये खुद्द बाकॉल यांच्या गटानेच २० क्वेसारांचा हिशोब छापला: १० साध्या लंबवर्तुळाकार दीर्घिकांत, ३ सर्पिल दीर्घिकांत, वगैरे.

इथे मी थबकलो. शुक्रवारीच एका ज्युनियरला "लॉगमध्ये काही नाही, म्हणजे बग नाही" असं चारचौघांत ठणकावून आलो होतो. लॉग लेव्हल काय ठेवली होती, ते मी बघितलंच नव्हतं.

'दिसत नाही' आणि 'नाही' यांत फरक असतो राव. बाकॉल यांनी तो जगासमोर छापला. मला तर फक्त चार डेस्क ओलांडून जायचंय. उद्या जातो.