तळ्यांच्या गावी पाण्याचा पंप

बेळगावहून भोपाळला जायचं तर गोवा एक्स्प्रेस थेट आहे. तरीही गेल्या डिसेंबरात आम्ही जीपनंच निघालो, त्याला कारण आईचे गुडघे. रेल्वेची पायरी, रात्रीबेरात्री डब्यातली गर्दी आता तिला झेपत नाही. आणि अक्काला तर भेटायचंच होतं. "या खेपेला गेले नाही तर पुढचं कुणी पाहिलंय?" असं ती दिवाळीपासून म्हणत होती. मग सौ.नं कुंद्याचे डबे बांधले, शेंगांची चटणी भरली आणि आम्ही निपाणी ओलांडली.

जीप बाबांची. २००३ साली त्यांनी घेतली, ते गेल्यावर माझ्याकडे आली. तिचा पुढचा आरसा, स्टिअरिंगवरचं कातडी कव्हर, बॉनेटखालचा एकेक नट बाबांच्या हाताखालून गेलेला. त्यामुळे चालत असलेली कोणतीही वस्तू बदलायला माझा जीव होत नाही. त्यात थोडी माया आहे आणि, खरं सांगायचं तर, थोडा चिक्कूपणाही आहे.

पुणे, नाशिक करत धुळ्याला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी पळासनेर मागे टाकून बिजासन घाट चढला, सेंधव्यात चहा घेतला आणि खलघाटला नर्मदा ओलांडली. पुलावर आईनं हात जोडले. इंदूरच्या पुढं देवास लागतं. तिथं आईनं आपणहून गाडी थांबवायला सांगितली. आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीचे शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली, म्हणजेच कुमार गंधर्व, क्षयाच्या दुखण्यातून उठण्यासाठी १९४८ साली कोरड्या हवेच्या या गावी आले आणि इथलेच झाले. १९९२ साली त्यांचं निधनही इथंच झालं. कन्नड घरातला मुलगा, मराठी रसिकांचा लाडका आणि माळव्याची लोकगीतं गाणारा! माताजीच्या टेकडीकडं पाहत आई म्हणाली, "आपलं माणूस कुठं जाऊन रुजेल, सांगता येत नाही." तिच्या मनात अक्काच असणार.

भोपाळात शिरताना संध्याकाळ झाली होती. अक्काचं घर पिपलानीच्या बाजूला, भेलच्या वसाहतीजवळ. दार उघडताच आईनं विचारलं, "ऊटा आतेन?" चाळीस वर्षं हिंदी मुलखात राहिलेल्या अक्काचे डोळे त्या दोन शब्दांनी भरून आले.

पुढचे तीन दिवस भावोजींनी आम्हाला शहर दाखवलं. भोपाळ म्हणजे तळ्यांचं गाव. मोठा तलाव अकराव्या शतकात राजा भोजानं बांधवला असं मानतात. तो इतका पसरलेला की पैलतीर धूसर दिसतो. २००२ साली भोज पाणथळ क्षेत्राला रामसर यादीत स्थान मिळालं. कमला पार्कापाशी आपण ज्या रस्त्यानं सहज जातो, तो तलावाच्या जुन्या बांधावरूनच जातो. एका बाजूला मोठा तलाव, दुसऱ्या बाजूला छोटा. १८१९ ते १९२६ या काळातली बहुतेक वर्षं या संस्थानावर चार बेगमांनी एकीमागून एक राज्य केलं, आणि त्यातल्या पहिल्या कुदसिया बेगमेनं शहराच्या पाणीपुरवठ्याची सोय केली. शहर आजही या तलावाचं पाणी पितं. भावोजी बांधावर उभे राहून म्हणाले, "हजार वर्षं टिकला तो नुसता बांधला म्हणून नव्हे. कुणीतरी सारखं बघत आलंय त्याच्याकडं."

भावोजींचं आयुष्य भेलच्या कारखान्यात, देखभाल विभागात गेलं. निवृत्त झाले तरी नजर तीच. निघायच्या आदल्या सकाळी त्यांनी मला न विचारताच बॉनेट उघडलं. पंखा दोन्ही हातांनी धरून पुढंमागं हलवला. मग खाली वाकून बॅटरी मारली.

"वॉटर पंप कधी बदललास?"

"बाबांच्या वेळचाच असेल. चालतोय की!"

त्यांनी मला खाली बघायला लावलं. पंपाच्या पोटाशी एक बारीक भोक असतं. आतलं सील झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता त्या भोकातून बाहेर यावं म्हणून ते मुद्दाम ठेवलेलं असतं. आमच्या पंपाच्या भोकाखाली तांबूस-पांढरा वाळलेला ओघळ होता. पाणी टपकत नव्हतं, नुसता डाग. पंखाही हाताला किंचित हलत होता, म्हणजे बेअरिंगला प्ले आला होता.

"आज बदलून घेऊ," भावोजी म्हणाले.

"कशाला? येताना काटा एकदाही वर गेला नाही. आजवर काही झालं नाही ना? बेळगावात गेल्यावर बघू."

ते काही बोलले नाहीत. फक्त किल्ली मागून घेतली.

जुन्या शहराच्या बाजूला त्यांच्या ओळखीच्या मिस्त्रीकडं गेलो. त्यानं इंजिन निवू दिलं, रेडिएटरची खालची तोटी उघडून पाणी काढलं. ते गढूळ, गंजाच्या रंगाचं निघालं. पंखा, बेल्ट, होज पाइप काढून त्यानं पंपाचे बोल्ट सैल केले. पंप हातात आल्यावर त्यानं तो माझ्यापुढं धरला. इंजिनात पाणी फिरवणाऱ्या चक्राची पाती कडेनं खाऊन गेली होती. कारण मीच. कूलंटचे पैसे वाचवायला मी वर्षानुवर्षं बोअरचं जड पाणी ओतत आलो होतो. मिस्त्रीनं शाफ्ट फिरवला, तो खरखरला. "साहब, इसने इशारा दे दिया था," एवढंच तो म्हणाला.

नवा पंप आणायला पोऱ्या गेला, तेव्हा आम्ही बाकड्यावर चहा घेत बसलो. भावोजी रस्त्याकडं बघत होते. अक्कानं मला पूर्वी सांगितलं होतं, त्या रात्रीविषयी ते कधी बोलत नाहीत. त्या दिवशी ते आपणहून बोलले.

"कार्बाइडचा कारखाना इथून लांब नाही. त्या टाकीतला वायू थंड ठेवायला शीतकरणाचं यंत्र होतं. १९८४ च्या जूनमध्ये ते बंद केलं. वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याचा पाइप दुरुस्तीसाठी काढलेला होता. जून गेला, पावसाळा गेला, दिवाळी गेली. काही झालं नाही. मग २ डिसेंबरच्या रात्री टाकीत पाणी शिरलं."

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. टाकीत चाळीस टनांच्या आसपास मिथिल आयसोसायनेट होतं. पहिल्या सरकारी मोजणीतच दोन हजारांवर मृत्यू होते, पुढं तो आकडा वाढत गेला, आणि पाच लाखांहून जास्त लोकांना त्या वायूची बाधा झाली. कारखान्यात पडून राहिलेला ३३७ टन विषारी कचरा पिथमपूरला हलवायला २०२५ चा जानेवारी उजाडला.

"दुसऱ्या दिवशी आम्ही काही जण मदतीला हमीदिया हॉस्पिटलात गेलो होतो," भावोजी म्हणाले. जरा थांबून त्यांनी कप खाली ठेवला. "गाडीची आणि त्या रात्रीची तुलना करू नये. मी करत नाही. पण सकाळी तू जे बोललास ना, 'आजवर काही झालं नाही', ते वाक्य मी नोकरीत ज्याच्या ज्याच्या तोंडून ऐकलं, त्याचं काम मी त्याच दिवशी बंद करवलं. यंत्र बंद पडलं की ते सगळ्यांना दिसतं. बंद पडण्याआधी बघायला पगार घेणारा माणूस लागतो. घरच्या गाडीला तोही नसतो."

मला काही उत्तर सुचलं नाही. सकाळची माझी अक्कड आठवून कान मात्र तापले.

पंप आला. मिस्त्रीनं जुनी गॅस्केट ब्लेडनं खरवडून जागा स्वच्छ केली, नवी बसवली, बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे करत आवळले. बेल्ट आणि दोन्ही होज नवे घातले. "जो खोल दिया, वो सब अभी बदल लो, मजदूरी एक ही बार लगेगी," असं त्याचं म्हणणं होतं आणि ते पटण्यासारखं होतं. डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं कूलंट मिसळून भरलं. रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून इंजिन चालवलं, बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढली. पंप, बेल्ट, होज, कूलंट आणि मजुरी मिळून साडेचार हजार झाले. एक दिवस मोडला. आईला मात्र तो दिवस फुकटात मिळाल्यासारखा वाटला. लेकीच्या स्वयंपाकघरात बसून ती मेथी निवडत होती. भावोजींचे ग्रीसनं माखलेले हात बघून म्हणाली, "कै केसरादरे, बायि मोसरु!" आणि खरंच त्या रात्री पानात घट्ट दही होतं.

परतताना बिजासन घाटात पुढं ट्रकांची रांग लागली. जवळपास दोन तास इंजिन चालू, गाडी मुंगीच्या पावलानं. बाहेर अंधार, आई मागच्या सीटवर शाल गुंडाळून झोपलेली. मी काट्याकडं बघत होतो. तो मधल्या रेघेवरून हलला नाही. जुना पंप इथं कदाचित टिकलाही असता. पण तो प्रश्न मला त्या अंधारात पडला नाही, एवढंच साडेचार हजारांत विकत मिळालं होतं.

घरी आल्यावर बॉनेटच्या आतल्या बाजूला पंप बदलल्याची तारीख आणि किलोमीटर पांढऱ्या रंगानं लिहून ठेवले. शेजारी बाबांच्या अक्षरात एक पुसट तारीख सापडली. ऑइल बदलल्याची असावी. म्हणजे बाबाही लिहून ठेवत होते, मीच वाचलं नव्हतं.

जुना पंप टाकून दिला नाही, कपाटावर ठेवलाय. आईच्या डोळ्यांची तपासणी मी वर्षभर पुढं ढकलत होतो. "दिसतंय ना तुला?" म्हणून विचारायचो आणि ती "दिसतंय" म्हणायची. आल्याच्या दुसऱ्या सोमवारी तिला डॉक्टरांकडं घेऊन गेलो.