आधी डाग ओळखायचा

३ डिसेंबर
कापसाची वेचणी चालू आहे, त्यामुळे दवाखान्यात दुपारपर्यंत शुकशुकाट आणि चारनंतर गर्दी. आज केळापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून मायलेकी आल्या. मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. पौष संपला की पाहुणे बघायला येणार आहेत. "पोरगी हासतच नाही जी मॅडम, हासली तं तोंडावर हात. दात पांढरेफेक करून द्या," आई म्हणाली. शहरातल्या कुणीतरी समोरच्या सहा दातांना कॅप लावायचा सल्ला दिला होता.

वरच्या दातांवर खडूसारखे पांढरे ढग आणि त्यांतून आडवे तपकिरी पट्टे. लहानपणापासून पाणी बोअरचं. हा फ्लोरोसिस. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या अनेक गावांत भूजलातलं फ्लोराइड लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या मर्यादेपलीकडे जातं. जबड्यात दात घडत असतानाच, साधारण आठव्या वर्षापर्यंत, हा डाग इनॅमलमध्ये बसतो. दात घासण्या-न घासण्याशी त्याचा संबंध नाही. हे सांगितलं तेव्हा मुलीने पहिल्यांदा वर पाहिलं. "शाळेत सगळे म्हणायचे, ही दात घासत नाही." पुढचं बोलणं मी तिच्याशीच केलं, आईशी नाही.

विशीतल्या पोरीचे धडधाकट दात कॅपसाठी चहूबाजूंनी कोरायचे, हे माझ्या हातून होणार नाही. कोरलेला दात परत मिळत नाही आणि कॅप आयुष्यभर टिकत नाही.

५ डिसेंबर
पंचेचाळिशीचे एक गृहस्थ. मुलाच्या लग्नाचे फोटो निघायचेत, म्हणून 'ब्लीचिंग' हवं. दात काळपट तपकिरी. खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, दिवसाला कितीतरी पुड्या. हा डाग वरचा आहे, स्केलिंग आणि पॉलिशिंगने बराचसा निघतो. ब्लीचची गरजच नाही. पण तोंड उघडायला सांगितलं तर त्यांची स्वतःची तीन बोटं उभी आत जाईनात. गालाची आतली बाजू पांढुरकी, ताठ. सबम्युकस फायब्रोसिस, खर्ऱ्याने गाल आखडत जाण्याचा आजार. त्यांना दातांचा रंग दिसत होता, मला गाल दिसत होता. डाग काढले, तेही खर्रा सोडायच्या बोलीवर, आणि नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयासाठी चिठ्ठी दिली. लग्नाआधीच जा, म्हणून बजावलं.

११ डिसेंबर
मुलीचं मायक्रोॲब्रेजन केलं. दातांभोवती रबराचा पडदा लावून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल आणि प्युमिसची पेस्ट, थोडी थोडी, मध्ये मध्ये धुऊन बघत. इनॅमलचा अगदी पातळ थर जातो, म्हणून हात आवरता घ्यावा लागतो. पट्टे निम्म्याने उतरले. नुसतं ब्लीच केलं असतं तर सुरुवातीला पांढरे ढगच जास्त उठून दिसले असते.

मग मापं घेतली. प्लास्टरच्या साच्यावर तिच्या दातांना नेमके बसणारे पातळ ट्रे तयार होतील. त्यांत रात्री १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडची जेल, एकेका दातासाठी तांदळाएवढी. त्यातून जेमतेम साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं. १९८९ साली हेवूड आणि हेमन यांनी ही पद्धत मांडली. हळू चालते, म्हणूनच माझा तिच्यावर भरवसा आहे. दात शिवशिवले तर एक रात्र सोडायची आणि पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट वापरायची.

१५ डिसेंबर
कंपनीचा प्रतिनिधी निळ्या दिव्याचं यंत्र घेऊन आला. एका बैठकीत आठ शेड! काम करतं ते तीव्र पेरॉक्साइड, दिवा त्यात फारशी भर घालत नाही. शिवाय तासभर कोरडे ठेवलेले दात तसेही उजळ दिसतात आणि लाळेत भिजले की थोडे मागे येतात. तीव्र जेल वाईट नाही, घाई असेल, हिरड्या नीट झाकल्या आणि दात निरोगी असतील तर मीही वापरते. पण यंत्राच्या हप्त्यांपायी प्रत्येक पेशंटमध्ये मला गिऱ्हाईक दिसायला लागेल. नको म्हणून सांगितलं.

संध्याकाळी कॉलेजातला एक मुलगा. मोबाइलवर बघून लिंबू-मीठ आणि कोळशाची पूड घासतो. दात आणखी पिवळे झाले म्हणतो. होणारच! आम्लाने इनॅमल मऊ पडतं, पुडीने झिजतं आणि खालचं पिवळं डेंटिन डोकावू लागतं. इनॅमल घडवणाऱ्या पेशी दात उगवतानाच संपतात, ते पुन्हा येत नाही. या मुलाला मी काहीही पांढरं करून देणार नाही. आधी घासणं थांबव, म्हटलं.

२० डिसेंबर
कबड्डीत मार बसलेला एकच राखाडी दात. आतली नस मेलेली. बाहेरून कितीही जेल लावली तरी ती योग्य वाट नव्हे. रूट कॅनल करून दाताच्या पोटात सोडियम परबोरेट भरलं. आठवड्याने बदलायचं.

७ जानेवारी
मुलगी आली. शेड गाइड खिडकीच्या उजेडात धरला. पट्ट्यांच्या जागी फिकट साईचा रंग, ढग बाकीच्या दातात मिसळलेले. आईला अजून पांढरं हवं होतं. "बस झालं. माझेच वाटतात," मुलगी म्हणाली. मलाही थांबायचंच होतं. ट्रे जपून ठेवायला सांगितले, काही वर्षांनी रंग थोडा उतरला तर दोन-चार रात्री पुरतील.

सोबत तिच्या बहिणीचं दीड वर्षाचं बाळ होतं. त्याच घरातलं, त्याच बोअरवरचं. "आमी पाणी उकळूनच पाजतो," आई म्हणाली. उकळून फ्लोराइड जात नाही, पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण वाढतं. नागपूरच्या 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेने तुरटी आणि चुन्याने फ्लोराइड काढण्याची नालगोंडा पद्धत सत्तरच्या दशकातच तयार केली, पण आधी पाण्यात किती आहे ते कळायला हवं. स्वच्छ बाटलीत बोअरचं पाणी आणायला सांगितलंय. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत नमुना मी पाठवते आणि तोवर बाळासाठी गावातल्या जुन्या विहिरीचंही पाणी तपासून घ्यायचं. ग्रामसेवकांना उद्या सकाळी फोन.