ॲक्शनचा रकाना

इंग्लंडात रायफलचा परवाना पोलीस देतात. फायरआर्म सर्टिफिकेट म्हणतात त्याला. पाच वर्षं चालतं. अर्जातली बरीच पानं कुठल्याही सरकारी अर्जासारखीच. जुने पत्ते, आजारपणं, आपल्याला ओळखणाऱ्या दोघांची नावं. ती मी एका बैठकीत उरकली. पुढे मात्र हव्या असलेल्या हत्यारांची माहिती द्यायची होती: कॅलिबर, प्रकार आणि ॲक्शन. इथे एकेक शब्द तोलून लिही, असं आमच्या रायफल क्लबात मला आधीच बजावलं होतं.

माझं माहेर कुडाळजवळचं. आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि तेवढ्यात माकडं बागेचा फडशा पाडायची. 'ठासणीची, एकनळी' म्हटलं की तिचं वर्णन संपलं. तोंडातून दारू ओता, गजानं ठासा, एक बार काढा, पुन्हा पहिल्यापासून. तिच्यात ॲक्शन कसली विचारणार? मी इथे रायफल घेतेय म्हटल्यावर आईनं फोनवर विचारलं, "थंय पण रानडुकरां येतत काय गो?" कागदावर नेम धरायला माणसं बंदूक विकत घेतात, हे तिला अजून पटलेलं नाही.

एक गोळी सुटल्यावर रिकामं काडतूस बाहेर पडायला हवं आणि दुसरं आत जायला हवं. ते घडवून आणणारी यंत्रणा म्हणजे ॲक्शन. बोल्ट ॲक्शनमध्ये सगळं आपल्या हातानं: मूठ वर उचलून मागे ओढायची, रिकामं पितळ टणकन बाजूला उडतं, मूठ पुढे रेटून खाली दाबली की दुसरी गोळी तयार. स्ट्रेट-पुलमध्ये मूठ उचलावी लागत नाही, नुसती मागेपुढे करायची. लिव्हर ॲक्शन काउबॉयच्या सिनेमात सगळ्यांनी पाहिलेली असते. पंपमध्ये नळीखालची पकड मागेपुढे सरकवतात. सेल्फ-लोडिंग, म्हणजे लोक सेमी-ऑटो म्हणतात ती, सुटलेल्या काडतुसाच्याच जोरावर स्वतःला भरून घेते. आपण दर वेळी फक्त चाप ओढायचा.

मी शिकले ती मात्र यांतल्या कुठल्याच प्रकारात न बसणाऱ्या बंदुकीवर. क्लबाची जुनी बीएसए मार्टिनी. खालचा दांडा दाबला की मागचा ठोकळा खाली उतरतो, बोटानं एक काडतूस आत सारायचं, दांडा वर. मॅगझीन नाहीच. एका वेळी एक गोळी, म्हणून तिची नोंद 'सिंगल शॉट'. (सायकलीवाली बीएसए ती हीच, बर्मिंगहॅमची. कंपनीच्या चिन्हात एकमेकींना टेकून उभ्या तीन बंदुका आहेत.)

पोलिसांना या रकान्याची एवढी काळजी का, याचं उत्तर १९ ऑगस्ट १९८७ मध्ये आहे. हंगरफर्ड या गावात त्या दिवशी एका माणसानं सोळा जणांना मारलं, आणि त्याच्याजवळची हत्यारं परवान्यावरची होती. पुढच्याच वर्षी कायदा बदलला. सेल्फ-लोडिंग आणि पंप ॲक्शन रायफली सामान्य परवानाधारकाला बंद झाल्या. अपवाद एकच, .२२ रिमफायर.

म्हणजे कायदा बंदुकीच्या रूपावर जात नाही. आमच्या क्लबात एकाकडे काळीकुट्ट, लष्करी थाटाची .२२३ रायफल आहे. नवखा माणूस तिला बघून दचकतो. ती स्ट्रेट-पुल म्हणूनच घडवलेली, तेव्हा परवान्यात चालते. उलट अक्रोडाच्या दस्त्याची, एखाद्या जहागीरदाराच्या दिवाणखान्यात शोभेल अशी .३०८ सेल्फ-लोडिंग शिकारी रायफल इथे निषिद्ध. तिच्यातली यंत्रणा मागाहून काढून ती हातानं भरायची केली, तरीही निषिद्धच. एकदा त्या वर्गात गेलेली बंदूक फेरफार करून बाहेर येत नाही. मला हे पटतं. पुढची गोळी माणूस भरतो की बंदूक, हा प्रश्न तिच्या रंगापेक्षा फार महत्त्वाचा आहे.

रिमफायर हा शब्द गाळायचा नाही, हे एका सहसभासदाच्या अनुभवावरून सगळ्यांना पाठ झालंय. त्यानं '.२२ सेमी-ऑटो' एवढंच लिहून अर्ज धाडला. परवाना शाखेतून फोन आला: कोणतं .२२? कारण .२२ हॉर्नेट आणि .२२-२५० ही काडतुसंही नावानं .२२च, पण सेंटरफायर. रिमफायरमध्ये ठिणगीचं रसायन काडतुसाच्या तळाच्या कडेत भरलेलं असतं आणि पिन त्या कडेवर बसते. सेंटरफायरमध्ये तळाच्या मधोमध वेगळी टोपी असते, दारूही बरीच जास्त. पहिल्याला सेमी-ऑटो चालते, दुसऱ्याला मागणंसुद्धा व्यर्थ. त्याचा अर्ज तेवढ्यासाठी रखडला.

मी दोन रायफली मागितल्या होत्या. '.२२ रिमफायर, बोल्ट ॲक्शन' ही पालथं पडून ५० मीटरवर नेमबाजी करायला. तिच्याबद्दल चौकशी अधिकाऱ्यानं घरी आल्यावर काही विचारलं नाही. भिंतीत ठोकलेलं पोलादी कपाट हलवून पाहिलं, किल्ल्या कुठे ठेवणार ते विचारलं आणि दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. '.२२ रिमफायर, सेल्फ-लोडिंग.'

"ही कशाला? बोल्टनं भागणार नाही?"

"गॅलरी रायफल स्पर्धेसाठी. २५ मीटरवर लक्ष्य काही सेकंदच समोर वळतं. तेवढ्यात बोल्ट मागेपुढे करत बसले तर निम्म्या गोळ्या हातातच राहतील."

"तुमच्या क्लबात होतात या स्पर्धा?"

मी क्लबाचं वेळापत्रक पुढे केलं. त्यांनी ते सगळं वाचलं, टिपून घेतलं, चहाही घेतला. इथे प्रत्येक हत्याराला स्वतंत्र सबळ कारण द्यावं लागतं. माझ्याकडे कपाट आहे आणि चारित्र्य चांगलं आहे, एवढ्यानं दुसरी रायफल मिळत नाही.

हा रकाना कायमचा ठरलेला असतो असंही नाही. लिव्हर-रिलीज नावाच्या रायफली निघाल्या होत्या. त्या काडतूस स्वतः बाहेर टाकायच्या आणि मग थांबायच्या. नेमबाजानं खटका दाबला की पुढची गोळी आत. अर्धं काम बंदुकीचं, अर्धं माणसाचं, म्हणून सेल्फ-लोडिंगच्या व्याख्येतून त्या निसटत होत्या. २०१९च्या ऑफेन्सिव्ह वेपन्स ॲक्टनं ती फट बुजवली, सरकारनं भरपाई देऊन त्या जमा करून घेतल्या. युक्ती हुशारीची होती, पण बंद झाली याचं मला वाईट वाटत नाही.

इथल्या मराठी मंडळींपैकी कुणाला नेमबाजी शिकावीशी वाटत असेल, तर परवान्याच्या अर्जापासून सुरुवात करू नका. होम ऑफिसची मान्यता असलेला जवळचा रायफल क्लब शोधा. उमेदवारीचे निदान तीन महिने काढावे लागतात, आणि तोवर क्लबाची रायफल वापरायला स्वतःचा परवाना लागत नाही. कोणती ॲक्शन आपल्या हाताला बसते ते तिथेच कळेल, मग रकाना भरा. आणि .२२च्या पुढे रिमफायर लिहायला विसरू नका.