दोन ओळींचा पडदा

पिशोरच्या माझ्या दुकानात दुरुस्तीला येतात ते लॅपटॉप, नाहीतर बिलाचे प्रिंटर. त्यामुळे भंगारातून आणलेला कोबाल्ट कंपनीचा रॅक-2 सर्व्हर बघून जो तो विचारतो, याला स्क्रीन कुठे जोडायची? कुठेच नाही. मॉनिटर, कीबोर्ड, सीडी, कशाचीच सोय नाही. पुढच्या बाजूला सोळा-सोळा अक्षरांच्या दोन ओळींचा पडदा आणि शेजारी बटणं, बस्स. आत 250 मेगाहर्ट्‌झचा मिप्स प्रोसेसर, म्हणजे नेहमीच्या पीसीचं लिनक्स इथे चालायचं नाही.

याच्यात लिनक्स शिरतं ते नेटवर्कच्या केबलमधूनच. चालू करताना डावं आणि उजवं बाण-बटण एकदम दाबून धरलं, की फर्मवेअर डिस्क सोडून नेटवर्ककडे वळतं. आधी डीएचसीपीकडे पत्ता मागतं, मग कर्नल. बाकीची यंत्रं कर्नल टीएफटीपीवरून घेतात, हे एनएफएसवर अडून बसतं. एनएफएस सन कंपनीचं, 1984 चं. त्याच सननं 2000 मध्ये कोबाल्ट सुमारे दोन अब्ज डॉलरला घेतली आणि काही वर्षांत हा मालच बंद केला. मोठ्यांचे व्यवहार!

खरी मेहनत पत्ता आणि कर्नल पुरवणाऱ्या पलीकडच्या लॅपटॉपवर. हल्लीच्या लिनक्समध्ये यूडीपीवरचं एनएफएस मुळात बंद असतं, आणि या बाबाला दुसरं काही येत नाही. म्हणून एका लॅपटॉपवर जुनंच डेबियन राखून ठेवलंय. राउटरची केबल आधी काढायची, नाहीतर तोही पत्ते वाटायला बसतो. इंटरनेट फोनवरून, लॅपटॉपमार्फत. लॅपटॉप, स्विच, रॅक तिन्ही इन्व्हर्टरवर. लाइटचा भरवसा कोण देणार?

सगळं जुळलं की पडद्यावर आयपी पत्ता आणि त्या वेळेपुरता पासवर्ड उमटतो. तो कागदावर उतरवायचा आणि एसएसएचनं आत शिरायचं. डिस्कची विभागणी करताना बूटचा भाग ईएक्सटी-2 च्या शून्य रिव्हिजनमध्येच ठेवायचा, कारण फर्मवेअरला त्यापुढचं वाचता येत नाही. बाजारातून उठलेल्या यंत्रासाठी 2007 च्या डेबियन 4.0 मध्येही कुणीतरी ही सोय सांभाळली, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

याचा आता उपयोग काय, असं गिऱ्हाईक विचारतंच. दुकानातल्या फायलींचा रात्रीचा बॅकअप घ्यायला 250 मेगाहर्ट्‌झ पुरतात. इंटरनेटवर मात्र याला उघडं सोडत नाही; त्या डेबियनचे सुरक्षा अपडेट कधीच थांबलेत.