आमच्या घरचं दूध

सलग तिसऱ्या दिवशी मी झाकणाची छोटी डबी घेऊन लॅबच्या काउंटरसमोर उभा होतो. काउंटरवरच्या मुलीने आता नाव विचारणंही सोडलं होतं. डबी वर्तमानपत्रात, वर्तमानपत्र काळ्या पिशवीत आणि पिशवी ऑफिसच्या बॅगेत, लॅपटॉपच्या शेजारी. पहिल्या दोन दिवसांचे रिपोर्ट नॉर्मल आले होते. तिसऱ्या संध्याकाळी मोबाईलवर पीडीएफ आली आणि त्यात एका ओळीत लिहिलेलं होतं, ‘जिआर्डियाच्या सिस्ट आढळल्या.’

खरं सांगतो, मला आनंद झाला. पाच आठवडे ज्या बगने छळलं होतं, त्याचा एकदाचा लॉग सापडला होता.

त्या पाच आठवड्यांत काय झालं ते जरा स्पष्टच सांगावं लागेल. सडक्या अंड्यासारखे ढेकर. जेवल्यावर अर्ध्या तासात ढोलासारखं पोट. दिवसातून पाच-सहा वेळा पळापळ, आणि जे होतं ते तेलकट, पाण्यावर तरंगणारं. वजन ६४ वरून ५८. स्टँडअप मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवायचं कारण मी नेटवर्क सांगायचो.

अशा वेळी आमच्या जमातीचा माणूस करतो तेच मी केलं, एक शीट उघडली. तारीख, वेळ, काय खाल्लं, किती मिनिटांनी त्रास. ज्या पदार्थानंतर त्रास झाला तो लाल. पहिल्या आठवड्यात वांगं आणि हरभरा डाळ लाल झाली. मग चपाती, मग तूर डाळ, मग अंडं. चौथ्या आठवड्यात शीटमध्ये हिरवा म्हणून फक्त भात, उकडलेला बटाटा आणि मीठ उरलं. रात्री अंथरुणात पडून वाचायचो : साखर बंद करा, जंतूंना साखर लागते. पपईच्या बिया चावा. कच्चा लसूण गिळा. तीन दिवस कडक उपास करा, जंतू उपाशी मरतात. यातलं जवळजवळ सगळं मी करून पाहिलं. पपईच्या बियांची चव अजून जिभेवर आहे.

रिपोर्ट बघून डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ‘जेवतोस काय?’ मी अभिमानाने शीट दाखवली. त्यांनी ती बोटाने खालपर्यंत सरकवली आणि म्हणाले, ‘यातलं निम्मं वजन त्या जंतूने घेतलं असेल. उरलेलं तू.’

मग त्यांनी कागदावर लहान आतड्याचं चित्र काढलं. जिआर्डिया हा किडा किंवा कृमी नाही, एकपेशीय जीव आहे. १६८१ मध्ये लीवेनहूक नावाच्या डच माणसाने स्वतःचंच शौच सूक्ष्मदर्शकाखाली धरून तो पहिल्यांदा पाहिला, हे मी नंतर वाचलं. (माझ्या डबीची लाज तेव्हापासून जरा कमी झाली.) सिस्ट म्हणजे त्याचं कवच घातलेलं रूप. अशा दहा-वीस सिस्ट पाण्यातून पोटात गेल्या तरी लागण होऊ शकते. आत गेल्यावर त्या फुटतात आणि बाहेर पडलेला जीव लहान आतड्याच्या वरच्या भागात, आपल्या पोटाकडच्या चकतीने भिंतीला चिकटून बसतो. सिस्ट रोज बाहेर पडत नाहीत, म्हणून पहिले दोन नमुने कोरे आले होते.

त्याला उपाशी मारायची कल्पना इथेच कोसळते. आपण पचवलेल्या अन्नावरच तो जगतो, आणि तेही आपल्या आधी, दारातच बसून. त्याचं अन्न तोडायचं तर आधी आपलं तुटतं. साखर सोडली म्हणून तो जात नाही, लसणाने जात नाही. तो औषधाने जातो. मला टिनिडाझोलचा दोन ग्रॅमचा एकच डोस मिळाला. दोन दिवस तोंडात लोखंडाची चव होती आणि तीन दिवस दारूला हात लावायचा नव्हता. रूममेटच्या मते हीच खरी शिक्षा.

‘गोळीने जंतू जाईल,’ डॉक्टर म्हणाले होते, ‘पण आतडं लगेच पहिल्यासारखं होणार नाही. त्याला वेळ दे आणि खायला दे. घरी जा, आईच्या हातचं जेव.’

मी वर्क फ्रॉम होम घेतलं आणि सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावी गेलो.

आमच्या घराबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. आमचं घर दुधावर उभं आहे. हा वाक्प्रचार समजू नका. दोन एकर जमीन आणि चार म्हशी. आण्णा पहाटे पाचला धार काढतात, सहाला डेअरीत दूध घालतात, फॅटची पावती खिशात घालून येतात. दर दहा दिवसांनी बिल निघतं. माझ्या इंजिनिअरिंगच्या चार वर्षांची फी, हॉस्टेल, पहिला लॅपटॉप, सगळं त्या दहा-दहा दिवसांच्या बिलांतून गेलं. डेअरीला दूध घालायच्या आधी घरासाठी एक तांब्या बाजूला निघतो. लहानपणी त्यातला पहिला पेला माझा असायचा.

मी दारात बॅग ठेवली तेव्हा आईने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. ‘निम्मं झालंय पोरगं,’ ती म्हणाली आणि आत जाऊन पेलाभर दूध घेऊन आली. सायीसकट, साखर घालून. सकाळी एक, दुपारी भाताबरोबर एक, रात्री हळद घालून एक.

गोळी घेतल्यावर पाच दिवस मी खडखडीत बरा होतो. गावातल्या तिसऱ्या दिवशी पोट पुन्हा ढोलासारखं झालं. पुन्हा गुडगुड, पुन्हा पळापळ. मी अंगणात बसून मोबाईलवर वाचायला लागलो आणि नको ते सापडलं. २००४ मध्ये नॉर्वेतल्या बर्गन शहरात पाणीपुरवठ्यातून जिआर्डियाची मोठी साथ आली होती. तिथल्या डॉक्टरांनी रुग्णांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. तीन वर्षांनंतरही त्यांच्यातल्या ४६ टक्के लोकांना इरिटेबल बॉवेलचा त्रास होता, आणि साथीत न सापडलेल्यांत हेच प्रमाण १४ टक्के. मी २७ वर्षांचा होतो. उरलेलं आयुष्य भात, बटाटा आणि मीठ, असं चित्र डोळ्यांपुढे आलं. त्याच रात्री मी शीट पुन्हा उघडली आणि जेवण निम्म्यावर आणलं. आईला वाटलं, हिच्या हातचं आता चालत नाही याला.

तालुक्याच्या लॅबमध्ये पुन्हा तीन डब्या. तिन्ही रिपोर्ट कोरे. मी डॉक्टरांना फोन लावला आणि म्हणालो, औषध परत द्या, टेस्ट चुकतेय.

‘दूध किती पितोस?’ त्यांनी विचारलं.

‘तीन पेले.’

पलीकडून ते चक्क हसले.

त्यांनी जे समजावलं ते असं. आतड्याच्या आतून बारीक केसांसारखे उंचवटे असतात. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, फोडणारं लॅक्टेज हे एन्झाइम त्या उंचवट्यांच्या टोकांकडे असतं. जिआर्डियाच्या मुक्कामात सगळ्यात आधी झिजतात ती हीच टोकं. आतड्याचं अस्तर तसं तीन ते पाच दिवसांत नवं होतं, पण लॅक्टेज पूर्ववत व्हायला कित्येक आठवडे लागू शकतात. तोवर न फुटलेलं लॅक्टोज मोठ्या आतड्यात जातं, तिथले जीवाणू त्यावर ताव मारतात, गॅस होतो आणि ते पाणीही खेचून घेतं. लक्षणं हुबेहूब जिआर्डियासारखी. त्यात म्हशीचं दूध म्हणजे सहा-सात टक्के फॅट, आणि माझ्या आतड्याला फॅटही नीट शोषता येत नव्हतं. एका पेल्यात साधारण दहा ग्रॅम लॅक्टोज. मी दिवसाला तीस ग्रॅम ढकलत होतो.

उपाय सोपा होता. काही आठवडे दूध बंद. दही, ताक चालेल, कारण विरजणातले जीवाणू लॅक्टोजचा काही भाग आधीच खाऊन टाकतात, आणि पोटात गेल्यावरही त्यांचं एन्झाइम मदत करतं. बाकी सगळं खा.

सोपं होतं ते डॉक्टरांसाठी. आण्णांना कसं सांगायचं, की ज्या दुधावर मी शिकलो ते मला बाधतंय?

मी सांगितलंच नाही. दोन दिवस पेला घेऊन मागच्या दारी जायचो आणि कुत्र्याच्या ताटलीत ओतायचो. तिसऱ्या दिवशी आण्णा गोठ्यातून बाहेर आले आणि समोर उभे राहिले. त्यांनी ताटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता पाण्याची बादली उचलून आत गेले. संध्याकाळी धारेला बसताना त्यांनी रोजच्यासारखी मला हाक मारली नाही.

मग मी स्वतःच जाऊन गोठ्याच्या उंबऱ्यावर बसलो आणि सगळं सांगितलं. उंचवटे, टोकं, लॅक्टेज. जमिनीवर काडीने चित्रसुद्धा काढलं. आण्णांनी धार थांबवली नाही. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, ‘रेडकाला जंताचं औषध पाजलं की दोन दिवस मलूल असतंय. तवा काय आपण त्याच्या म्होरं पेंडीचं घमेलं ठेवतो? पोट बसूस्तोवर हलकं द्यायचं, थोडं थोडं. एवढंच की.’

थोड्या वेळाने परत म्हणाले, ‘कुत्र्याला कशाला घालायचं? सांगायचं. आई दही लावंल.’

त्या दिवसापासून माझा तांब्या विरजणात जायला लागला.

पुढचे सहा आठवडे मी जे खाल्लं त्यात चमत्कार काही नाही. सकाळी तांदळाची पेज किंवा मऊ भात आणि मेतकूट. दहाला केळं. दुपारी मुगाचं वरण, भात, पातळ ताक. चारला उकडलेलं अंडं. रात्री पुन्हा भात-वरण, शिजवलेला दुधी किंवा दोडका. पहिले पंधरा दिवस तळलेलं आणि तिखट कमी. मग अर्धी ज्वारीची भाकरी, मग पूर्ण, मग उसळ. एका वेळी फार नाही, पण दिवसातून पाच वेळा. शीट ठेवली, मात्र डॉक्टरांनी नियम बदलून दिला होता : आता काय बंद केलं ते लिहायचं नाही, काय परत सुरू झालं ते लिहायचं. दर तीन-चार दिवसांनी एक पदार्थ परत.

या सगळ्याचं शास्त्र जुनं आहे. स्क्रिमशॉ, टेलर आणि गॉर्डन या तिघांचं आजार आणि पोषण यांच्या नात्यावरचं पुस्तक जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ मध्ये छापलं. आजाराने शरीर खंगतं, खंगलेल्या शरीराला आजार लवकर गाठतो, आणि चक्र चालू राहतं. माझ्या बाबतीत त्या चक्राला वेग देण्याचं काम माझी लाल रंगाची शीट करत होती.

मी खोलीत बसून लॅक्टोजचे ग्रॅम मोजत असताना ताई साडेतीन वर्षांच्या पोराला घेऊन माहेरी आली. पोरगं किरकिरं, पोट पुढे आलेलं, हात-पाय काटक्या. ‘खाल्लेलं अंगाला लागत नाही,’ ताई म्हणाली. ‘फेब्रुवारीत अंगणवाडीत जंताची गोळी दिलीय की.’ ती गोळी अल्बेंडाझोलची. एकदाच दिलेला तो डोस कृमींसाठी असतो, जिआर्डियासाठी पुरत नाही. मी ताईला डबी आणून दिली. ती माझ्यावर हसली, पण नमुना दिला. दुसऱ्याच नमुन्यात सिस्ट सापडल्या.

माझ्यामुळे लागण झाली नव्हती, तो त्रास त्याला आधीपासून होता. पण ताईचं सासर मळ्यापलीकडेच, आणि दोन्ही घरांचं पिण्याचं पाणी एकाच विहिरीचं. मीही दर महिन्याला येऊन तेच प्यायचो. आई महिनाभर पुण्याच्या पाण्याला शिव्या देत होती. मी पुण्याच्या पाणीपुरीला. विहिरीचं नाव कुणी घेतलं नव्हतं. तिचं पाणी आम्ही कधी तपासलं नाही, त्यामुळे नक्की काय ते मी सांगू शकत नाही. पण नुसत्या क्लोरीनवर या सिस्टच्या बाबतीत भरवसा ठेवता येत नाही, आणि एक मिनिट खळखळून उकळलं तर त्या मरतात, एवढं पक्कं आहे. आता रात्री चुलीवर पातेलं चढतं. पहिल्या आठवड्यात आई म्हणाली, ‘उकळलेल्या पाण्याला चव नाही.’ दुसऱ्या आठवड्यात तिने ते माठात ओतायला सुरुवात केली.

पोराला मुलांच्या डॉक्टरांनी औषध दिलं. थोडे दिवस दुधाऐवजी दही देऊन बघा, आणि खायला कमी करू नका, हेही सांगितलं. आईने यावेळी वाद घातला नाही. नातवाला भरवताना ताईला आतडं समजावून सांगत होती. उंचवटे, टोकं, सगळं. माझ्यापेक्षा बरं सांगत होती.

सहाव्या आठवड्यात माझं वजन ६१ झालं. पोरगं ताटातली भाकरी स्वतः ओढून घ्यायला लागलं होतं. पुण्याला परतायच्या आदल्या दिवशी डॉक्टरांना विचारून मी पाव पेला दूध प्यायलो, जेवणानंतर, साय काढून. शीटमध्ये वेळ लिहिली आणि वाट बघत बसलो. एक तास. दोन तास. पोटात कुठे काही नाही.

संध्याकाळी आण्णा गोठ्यातून आले, चरवी खाली ठेवली आणि पाय धुता धुता विचारलं, ‘पचलं का?’

‘पचलं.’

‘मग दोन-तीन दिस एवढंच घे. मग अर्धा पेला,’ ते म्हणाले आणि डेअरीची वेळ झाली म्हणून निघाले.