पहिला अर्ज

उन्हाळी सुट्टी जवळ आली की आमच्या कार्यालयाच्या दारात मुले घुटमळू लागतात. हळूच आत येऊन म्हणतात, "सर, बोनाफाईड पाहिजे होतं." कशाला म्हणून विचारले की उत्तर ठरलेले असते. मोबाईलच्या दुकानात, कापडाच्या दुकानात किंवा झेरॉक्स सेंटरमध्ये सुट्टीपुरते काम मिळते आहे आणि मालकाने शाळेचा कागद मागितला आहे. यंदा तिघे आले, दोन मुले आणि एक मुलगी. त्यांना जे सांगितले तेच सर्वांसाठी येथे लिहीत आहोत.

आम्ही पहिले काम शोधले ते १९८७ साली. पी.यू.सी.च्या पहिल्या वर्षाला होतो. कॉलेज सकाळचे, दुपार मोकळी, आणि पुस्तकांना पैसे नाहीत. मूग-उडदाचे दिवस होते. भालकीच्या गंजात पोत्यांच्या थप्प्या लागल्या होत्या. काम कसे मागावे हे कुणी शिकवलेले नव्हते. तीन आडत दुकानांच्या पायऱ्या चढलो आणि "माणूस नको" ऐकून उतरलो. चौथ्या दुकानी जाताना मात्र वहीच्या कागदावर अर्ज लिहून नेला. शेठजी मारवाडी होते, म्हणून तो हिंदीत लिहिला. दक्षिण भारत हिंदी प्रचार सभेच्या परीक्षा दिल्या होत्या, त्या अशा उपयोगी पडल्या. शेठजींनी अर्ज वाचला, बाजूला ठेवला आणि एक कोरी पट्टी पुढे सरकवली. मुनीमजी आकडे सांगत गेले, आम्ही लिहीत गेलो. "अक्षर अच्छा है. कल से आ जाओ," एवढेच शेठजी बोलले.

दुपारी तीन ते सात असे ते काम होते. शेतकऱ्याच्या मालाचे वजन, भाव, त्यातून हमाली, तोलाई, आधी घेतलेली उचल वजा करून हाती येणारी रक्कम पट्टीवर लिहायची. पुष्कळ शेतकऱ्यांना वाचता येत नसे. ते पट्टी घेऊन बाहेर उभे राहत आणि आम्हाला म्हणत, "बाबा, काय लिहिलंय ते सांग." आम्ही एकेक ओळ वाचून दाखवीत असू. एकदा एका म्हाताऱ्या काकांच्या पट्टीवर उचल दोनदा वजा झालेली दिसली. चूक आमच्याच हातची होती. आत जाऊन सांगताना पाय लटपटत होते. मुनीमजी रागावले, पण पट्टी दुरुस्त झाली. आकडा लिहिताना त्यामागे कुणाचे तरी वर्षभराचे कष्ट असतात, हे त्या दिवशी कळले.

महिना भरला. मनात शंभर रुपये धरले होते, हातात साठ पडले. विचारले तर शेठजी म्हणाले, "मैंने कब सौ कहा था?" त्यांचे खोटे नव्हते. आम्ही अर्जात नाव, शिक्षण, अक्षर सगळे लिहिले होते. पगाराबद्दल लिहिलेही नव्हते आणि विचारलेही नव्हते. संकोच वाटला होता. तो संकोच चाळीस रुपयांना पडला.

ज्या मातीत आपण राहतो तिने कामाला कमी लेखायला कधी शिकवले नाही. इथून जवळच्या बसवकल्याणला बाराव्या शतकात शरणांनी 'कायक' हा विचार मांडला, प्रामाणिक श्रम हीच पूजा. सांडलेले तांदूळ वेचून आणणाऱ्या आयदक्की मारय्यांनी एके दिवशी जास्त तांदूळ आणले, तेव्हा त्यांची पत्नी लक्कम्मा यांनी ते परत ठेवून यायला सांगितले, अशी कथा आहे. काम करावे, पण किती आणि कशासाठी याचे भान ठेवावे, असा तिचा अर्थ आम्ही घेतो.

हे भान आम्हीच एकदा विसरलो. काही वर्षांपूर्वी नववीचा एक हुशार मुलगा असाच कागद मागायला आला. "हैदराबादला काम आहे सर, सुट्टीपुरतं." आम्ही कौतुकाने पाठ थोपटली आणि सही केली. कुठे राहणार, किती तास, परत कधी येणार, काही विचारले नाही. जूनमध्ये दहावीचा वर्ग भरला, तो आला नाही. ऑगस्टमध्ये त्याच्या घरी गेलो. आई म्हणाली, "सर, तो महिन्याला पैसे पाठवतो. आता कसं बोलावू?" फोन लावून दिला. तो पलीकडून म्हणाला, "सर, सही तर तुम्हीच केली होती." आमच्याकडे उत्तर नव्हते. तो दहावीला बसला नाही.

तेव्हापासून सही करण्याआधी आम्ही पालकांना बोलावतो. वय पाहतो. २०१६ साली बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली. १४ वर्षांखालील मुलाला कामावर ठेवता येत नाही. शाळेची वेळ सोडून घरच्या धंद्यात मदत करण्याची सूट आहे, पण धोक्याच्या कामात तीही नाही. १४ ते १८ वयाच्या मुलांना खाणी, स्फोटक व ज्वालाग्राही पदार्थ आणि इतर धोकादायक कामांवर ठेवण्यास बंदी आहे. त्यानंतर विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने अर्ज लिहायचा. दुकान इथलेच असेल तर कन्नडमध्ये. आपण शाळेत कन्नड शिकतो ते केवळ मार्कांसाठी नाही. अर्जात चार गोष्टी हव्यातच: काम कोणते, तास किती, पैसे किती व कधी मिळणार, आणि शेवटचा दिवस कोणता. त्याची एक प्रत शाळेत राहते.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापली आणि 'कमवा आणि शिका' हा मार्ग गरिबांच्या मुलांना दाखवला. त्या मार्गात कमाई होती ती शिकण्यासाठी. आमच्या त्या साठ रुपयांतून अर्थशास्त्राचे पुस्तक आले. हिंदीचे बोट धरून पुढे हिंदी माध्यमातून पदवीही घेतली.

यंदाच्या तिघांचे अर्ज आमच्या टेबलावर आहेत. मुलीने पगाराच्या रकान्यापुढे आकडा लिहून खाली रेघ मारली आहे. शेवटचा दिवस तिघांनीही शाळा उघडण्याच्या आठवडाभर आधीचा लिहिला आहे. तिघांवरही सही केली आहे. शाळा उघडेल त्या सकाळी आम्ही फाटकाशी उभे राहून तिघांची वाट पाहणार आहोत.